वंगाळ दुपटं

फुमीबाई दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसली की मला आधी कंटाळा यायचा. आठवा महिना, चैत्राचं ऊन, पायांवर सूज, आणि समोर ही बाई कुणाच्या तरी फाटक्या लुगड्याचा तुकडा उजेडाकडे धरून "लय सुंदर हाय, लय सुंदर हाय" करत बसलेली. त्या तुकड्यात सुंदर काय आहे ते मला काही केल्या दिसायचं नाही. आमच्या घरी तसल्या तुकड्यानं कंदिलाची काच पुसत.

मोगलाईतलं मानवत ते. मोठी लढाई अजून लागायची होती, आणि कापसासाठी आमच्या गावात कुठकुठली माणसं येत. फुमीबाईचा नवरा एका जपानी कंपनीचा कापूस पारखी होता. हंगामात तो मानवत, पिंगळी, ताडकळस असा गाड्यांमागून धुळीत फिरायचा, चिमूटभर रुई दोन्ही हातांनी ओढून तिचा धागा बघायचा, आणि हमालापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना सारखाच कमरेत वाकून नमस्कार करायचा. हंगाम संपला की तो मुंबईला जायचा आणि ही इथे मागे राहायची. कंपनीनं त्यांना सरकी काढायच्या जिनाजवळ पत्र्याची बंगली दिली होती. उन्हाळ्यात तिच्यात पापड भाजून निघाले असते. माझे सासरे सांबप्पा आडते होते, कंपनीचा माल आमच्या आडतीतून जायचा, म्हणून अप्पांनी तिच्या नवऱ्याला सांगून टाकलं होतं की बाईंना दुपारी आमच्या माळवदाखाली सावलीला बसू द्या. शब्द अप्पांचा, आणि तो निभवायचा मी.

मराठी तिला चांगलं यायचं. पण ते ती आमच्या शेतावरच्या बायनाबाईकडून शिकली होती, त्यामुळे परदेशी बाईच्या तोंडून "कामून", "व्हय की", "बेजार झाले बगा" असं ऐकायला मिळे. पाहुण्यांना मोठी गंमत वाटे. मला पहिलं वर्षभर वाटली.

तिचा दिवस ठरलेला होता. सकाळी ऊन चढायच्या आत खांद्याला बोचकं लावून ती दारोदार जुनेर मागत हिंडायची. लोक तिला चिंध्यावाली जपानीण म्हणत, तोंडावरच म्हणत, आणि ती हसून ओ देई. मग त्या चिंध्या रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, भिंतीवर वाळत घालायच्या, काहींना पळसाच्या फुलांत नाहीतर डाळिंबाच्या सालीत रंगवायचं, तांब्यात निखारे घालून त्यांच्या सुरकुत्या मोडायच्या, आणि दुपारी आमच्याकडे येऊन शिवत बसायचं. धावदोरा घालायची. टाका असा की पाठ कुठली न् पोट कुठलं ते ओळखू येऊ नये. हे सणवार नाही, पाऊसपाणी नाही, रोज. कधी कधी डोळे मिटून मान मागे टाकायची, बोटं चोळायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि पुन्हा सुई उचलायची. हिला कुणी हे करायला लावलंय का, असं मला वाटे.

शिवलेलं सगळं ती वाटून टाकायची. आणि लोक काय करत? ट्रंकेत ठेवत. परदेशी बाईनं दिलेली वस्तू, ती काय अंथरायची? माझ्याही ट्रंकेत तिनं दिलेल्या दोन गोष्टी होत्या. एकदा तिनं विचारलं, "उमाबाई, तुमी ते वापरत न्हाई?"

"खराब होईल ना," मी म्हटलं.

"खराब व्हायलाच केलंय," ती म्हणाली आणि सुई खाली ठेवून बोटं चोळत बसली. पाच वर्षं या गावात राहून ती थकली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. टाक्याबद्दल दोन शब्द बोलावेत असं इथे तिला कुणी नव्हतं. माझ्याशी बोलायची, तर मी जांभया द्यायची.

आता माझं सांगते. माझी दोन लेकरं गेली होती. दोन्ही बाळंतपणं माहेरी, ताडकळसला झाली, दोन्ही वेळा मखमलीची टोपडी, चांदीचे वाळे, जावळाला सोन्याचं फूल, सगळं झालं. पहिला मुलगा महिन्याचा होऊन गेला. दुसरा पाचवीही बघू शकला नाही. दोघांना आमच्या रीतीप्रमाणे बसवून मातीत ठेवलं. म्हणून तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी मला माहेरी पाठवलंच नाही. त्यांचं नाव चन्नबसम्मा, आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वांनी बायनाबाईला बोलावलं. बायनाबाई सुईणपणही करायची, आणि असल्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असे.

बायनाबाई ओसरीच्या खाली बसून म्हणाली, "आवं, सजवून ठिवल्यावर नजर जानारच. सटवाई काय आंधळी हाय? ह्या टायमाला काई बी नवं करू नका. ज्या घरची लेकरं जगली त्या घरच्या चिंध्या मागून आना. त्याचं दुपटं करा. त्यातच गुंडाळा."

अप्पा आडतीवरून नुकतेच आले होते. ते म्हणाले, "आपण लिंगायत. जन्मल्यावर स्वामी येऊन लिंग बांधतील, तेवढं बास. ही सटवाई न् फिटवाई आपल्यात न्हाई."

"दोघांना बी बांधलं व्हतं लिंग," अव्वा म्हणाल्या. अप्पांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि आत निघून गेले.

पण मागायला जायचं कुणी? आडत्याची बायको लोकांच्या दारात चिंध्या मागत उभी राहिली तर गावात काय उरलं? अव्वांच्या नजरेला फुमीबाई पडली. ही तर रोजच हिंडते. अव्वांनी तिला समोर बसवून सांगितलं की जिथली लेकरं रग्गड जगली अशा घरच्या चिंध्या मागून आण आणि उमाच्या लेकराला दुपटं कर.

फुमीबाईच्या हातातली सुई थांबली. ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "म्हाईत हाय मला. आमच्या मुलखात बी करतात. घरोघर मागून. मी करते."

अव्वांना बरं वाटलं. चला, जगात सगळीकडे रीत एकच आहे. पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नाही. चूल पेटवायला सांगताना आग लाव असं कुणी वेगळं सांगतं का?

मग फुमीबाई हिंडली. वैशाख लागला तरी हिंडत होती. कुणब्यांकडे, कोष्ट्यांकडे, मोमिनांकडे, तेल्याकडे, नदीपलीकडच्या वस्तीवर. तोंड उन्हानं काळवंडलं, टाचा फुटल्या. दुपारी आली की आधी भिंतीला टेकून नुसती बसून राही. मग बोचकं सोडून एकेक तुकडा मला दाखवी. हा मुंजाजीच्या घरचा, त्याला सहा लेकरं हायत. हा मनकर्णेच्या चोळीचा, तिची नातवंडं अंगनात मावत न्हाईत. मला ते ऐकायला आवडू लागलं. कंटाळा कधी गेला ते कळलं नाही. जगलेल्या लेकरांच्या गोष्टी ऐकत मी पोटावर हात ठेवून पडून असायची. शिवण मात्र ती दाखवत नव्हती, बंगलीवर करायची.

एका दुपारी ती दुपटं घेऊन आली. तिनं ते माझ्या मांडीवर पसरलं आणि हात मागे घेतले.

मी काय सांगू? निळीचे सगळे रंग त्यात होते, काळ्या निळ्यापासून ते धुऊन धुऊन आभाळासारख्या झालेल्या निळ्यापर्यंत. मधे पळसाच्या रंगाचे तुकडे बोटभर, तेही मोजके. हिरव्या काठाची एक पट्टी तिरकी जाऊन एका कोपऱ्यात वळली होती. चिंधीला चिंधी कुठे भिडली ते बोटाला लागत नव्हतं. ज्या तुकड्यांनी आम्ही काच पुसली असती तेच हे, मला खरं वाटेना. शेजारच्या नर्मदाबाई डोकावल्या, त्यांनी जावेला हाक मारली, तिनं मुलींना. ओसरी बायकांनी भरून गेली. जी ती हात लावून बघत होती, "अगं बया" म्हणत होती. मला ते दुपटं हवं झालं. इतकं हवं झालं की माझे डोळे भरून आले.

अव्वा देवघरातून आल्या. कपाळावरची विभूती ओली होती. बायका बाजूला झाल्या. अव्वांनी दुपटं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय केलंस बाई?"

"दुपटं," फुमीबाई म्हणाली. ती हसत होती.

"सारं गाव बगायला लोटलंय. ह्याच्यात लेकरू घातल्यावर कुनाची नजर चुकंल? मारतीस का माज्या नातवाला?" अव्वांनी दाराकडे बोट केलं. "घिऊन जा. माज्या घरात नगं ठिऊ. हात बी लावू नगं त्येला, उमा."

बायका एकेक करून निघून गेल्या. अव्वा आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. फुमीबाई तशीच बसून होती. तिला काय चुकलं ते कळलं नव्हतं, आणि ते समजावून सांगायचं काम अर्थात माझ्यावर आलं.

मी म्हटलं, "फुमीबाई, ते वंगाळ असायला पाहिजे. घाण दिसलं पाहिजे. सटवाईनं बघितलं तर तिला वाटावं, या घरात या लेकराचं कुणाला काही नाही. मग ती पुढे जाते. तुमच्याकडं असं नाही?"

तिनं दुपट्यावरून हात फिरवला. "न्हाई," ती म्हणाली. "आमच्याकडं उलटं. शंभर घरचे तुकडे. जितकं जमंल तितकं सुंदर करायचं. मंजी देवाला दिसावं की ह्या लेकरावर शंभर घरांचा जीव हाय. मग देव राखतो."

"देवानं बघितल्यावर राखतो?"

"व्हय."

आमच्याकडे बघितलं की नेतो. हे मी बोलले नाही. मी विचारलं, "मग जगतात का त्यानं?"

तिनं दुपट्याची घडी घालायला घेतली. घडी नीट, काठाला काठ लावून घातली. "माजं न्हाई जगलं," ती म्हणाली. "मुलगा व्हता. मी न् माज्या आईनं शंभर घरं हिंडून केलं व्हतं. लय सुंदर झालतं."

पाच वर्षं ती आमच्या ओसरीवर बसत होती. मी तिला कधी विचारलं नव्हतं. मूल नाही, किंवा असेल तर तिकडे असेल, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. मी तिच्या हातावर हात ठेवला, तिची बोटं सुईनं चाळणी झालेली होती.

ती म्हणाली, "मग तुमचंच खरं आसंल. वंगाळ करू."

म्हणायला सोपं. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या ओसरीवर जे चाललं ते आठवलं की मला अजून हसू येतं, आणि त्या दिवसांत तेवढंच हसू होतं. फुमीबाई उरलेल्या चिंध्या घेऊन वंगाळ दुपटं शिवायला बसली. तिला ते येईना! मातकट रंग उचलावा तर शेजारी काय ठेवलं की तो उठून दिसेल हे तिच्या हाताला आपोआप कळे. वाकडे टाके घालायचे म्हणून घातले, तर ते पाण्यावरच्या रेघांसारखे दिसू लागले. डाव्या हातानं शिवून बघितलं. डोळे मिटून शिवलं. अव्वा येत, कमरेवर हात ठेवून बघत आणि मान हलवत.

"आजून चांगलंच दिसायलंय."

"आता?"

"न्हाई बाई. हे त्याच्याहून चांगलं झालंय."

फुमीबाईनं सुई खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून बसली. "बेजार झाले मी, अव्वा," ती म्हणाली. "माज्यानं हुईना." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि अव्वांनाही हसावं की रडावं ते कळेना. त्यांनी तिला ताक आणून दिलं.

शेवटी दुपटं मी शिवलं. माझ्या शिवणाची कीर्ती माहेरी होती, माझ्या आईनं मला सुई धरू द्यायचं सोडून दिलं होतं. पोट आडवं येत होतं, कंबर मोडत होती, जे हाताला लागेल ते जोडत गेले. दोरा गुंतला की तोडून तिथेच गाठ. एक कोपरा लांबला, तो आत मुडपून टाकला. फुमीबाई शेजारी बसून चिंध्या धरून ठेवायची. तिला शिवणाला हात लावायची बंदी होती. एखादी सुरकुती अशी आली की तिचं बोट आपसूक पुढे सरके, मी म्हणायची "अंहं", आणि ती तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसे. झाल्यावर अव्वांनी ते दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरलं. "हां," त्या म्हणाल्या. "आता हाय वंगाळ." इतकं कौतुक त्यांनी माझं पूर्वी कधी केलं नव्हतं.

वैशाख सरता सरता मला मुलगी झाली.

सुखरूप झाली, रडलीही जोरात. पण आनंद करायचा नव्हता. बायनाबाईनं सगळ्यांना ताकीद देऊन ठेवली होती. अप्पांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, "काळी हाय." माझे यजमान कल्याणराव आले, त्यांना खोटं बोलणं कधी जमलं नाही, ते खाली मान घालून म्हणाले, "नाक बसकं हाय," आणि पटकन बाहेर गेले. मुलगी गोरी होती. नाक सरळ होतं. स्वामींनी येऊन लिंग बांधलं. नाव आधीच ठरलं होतं, कडूबाई. त्या मातकट दुपट्यात ती माझ्या कुशीत पडलेली असायची आणि मी रात्रंदिवस तिचा श्वास ऐकत असायची. पाचवीच्या रात्री अव्वा माझ्या खोलीच्या दारात बसून होत्या.

बाराव्या दिवशी नाव ठेवायच्या आधी एक गोष्ट करायची होती. लेकरू परसातल्या उकिरड्यावर टाकायचं. परक्या बाईनं ते उचलायचं, माझं आहे म्हणायचं, आणि आपण तिच्याकडून ते सूपभर कोंड्याला विकत घ्यायचं. मग ते आपलं राहत नाही, घेतलेलं असतं. आपल्या घरावर डोळा ठेवणारीला त्याचा पत्ता लागत नाही.

"परकी बाई मंजी ती जपानीणच धरा," बायनाबाई म्हणाली. "समुद्रापल्याडची हाय. सटवाई हुडकत गेली तर तिचं घर गवसायचं न्हाई."

अव्वांना पटलं. मग त्यांनी विचारलं, "पर लेकुरवाळी पायजे न्हवं? हिला लेकरं हायत का?"

"आसतील की मुलखात. परदेशी लोक लेकरं तिकडंच ठिवतात."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या दुपारी तिच्याबरोबर मीच घालवल्या होत्या. मी कडूला पाजत होते. मी म्हटलं, "मला काय माहीत?" आणि मान खाली घातली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. जिचं मेलंय तिच्या ओटीत माझं लेकरू जायचं, या विचारानं मला घाम सुटला. पण सांगितलं तर तिला आमच्या दारात उभं करणार नव्हते, हेही दिसत होतं. दोन्ही बाजूंनी विचार करायचं बळ अंगात नव्हतं. मी कडूला दुसऱ्या बाजूला घेतलं.

बायनाबाईनं फुमीबाईला काय बोलायचं ते शिकवलं. सकाळी ती न्हाऊन, तिचा गडद निळा झगा घालून परसात आली. ऊन अजून भिंतीवरच होतं. मी डोक्याला फडकं बांधून परसदारात उभी होते. अव्वा कोंड्याचं सूप घेऊन उकिरड्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या. बायनाबाईनं कडूला माझ्या हातातून घेतलं, शेणाच्या आणि राखेच्या ढिगावर त्या दुपट्यासकट ठेवलं आणि मागे न बघता बाजूला झाली. कडू ओरडू लागली. तिच्या तोंडावर लगेच माशा आल्या.

फुमीबाई पुढे गेली. वाकली. हात पुढे केले.

"उचला, उचला," बायनाबाई म्हणाली. "लेकुरवाळीचा हात लागला की झालं."

फुमीबाईचे हात थांबले. "लेकुरवाळीच पायजे?" तिनं विचारलं.

"मग? जिचं लेकरू जितं हाय तीच पायजे."

ती सरळ झाली. दोन्ही हात तिनं पाठीमागे नेले, आम्हाला कुणाला ते दिसू नयेत असे. "मला म्हाईत नव्हतं," ती म्हणाली. "माजं मेलंय. एकच व्हतं. मी न्हाई उचलायची. हिला काई हुईल." आणि ती दोन पावलं मागे सरली.

बायनाबाईनं तोंडावर हात नेला. "आता वं माय! जा, नर्मदाबाईला हाक मारा कुनीतरी, लवकर. लेकरू आसं पडू देता येत न्हाई." पण जायला कुणी नव्हतंच, आम्ही चौघीच होतो. कडू लालबुंद झाली होती. एक पाय दुपट्यातून बाहेर आला होता. माझ्या छातीतून दूध वाहायला लागलं आणि चोळी भिजली.

मी पायरी उतरले. बाळंतिणीनं उतरायचं नसतं. "फुमीबाई," मी म्हटलं, "उचला तिला."

"उमा!" अव्वा ओरडल्या.

"अव्वा, जिचं मेलंय तिचा हात नको म्हणता. माझी तर दोन गेलीत. मग हिला मी कशी घेऊ? हिला पाजायचं कुणी? न्हाऊ कुणी घालायचं?" माझा आवाज चढला होता, तो सासूपुढे कधी चढला नव्हता. "बायनाबाईचं गेलंय. तुमचं पहिलं गेलंय, तुम्हीच मला सांगितलंय. हात धुऊन बसायचं का आपण सगळ्यांनी? ती काय इथंच पडून राहील?"

अव्वा माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सूप फेकतील. त्या एकाएकी फार म्हाताऱ्या दिसल्या. मग त्यांनी फुमीबाईकडे तोंड केलं आणि बायनाबाईनं ठरवून दिलेला प्रश्न, कोरड्या आवाजात, तिनं लेकरू उचलायच्या आधीच विचारून टाकला.

"बाई, हे लेकरू कुनाचं?"

फुमीबाई उकिरड्यात गुडघ्यांवर बसली. झगा शेणात टेकला. तिनं कडूला उचललं, उघडा पाय आत घेतला, माशा हाकलल्या आणि मानेखाली हात घालून तिला छातीशी धरलं. कसं धरायचं ते तिला कुणी शिकवायला लागलं नाही. कडू हुंदके देत देत शांत झाली.

"माजं," ती म्हणाली.

"इकतीस का?"

"इकते."

"कसलं हाय?"

इथे तिनं थांबायचं नव्हतं. तिनं कडूच्या तोंडावरचं दुपटं बोटानं बाजूला केलं आणि नीट बघितलं, कपाळ, भुवया, बंद मुठी, सगळं. ती एखादा तुकडा उजेडाकडे धरून बघायची तेव्हाही इतका वेळ घेत नसे. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"वंगाळ हाय," ती म्हणाली. "लय वंगाळ हाय. घिऊन जा."

अव्वांनी सूप पुढे केलं. कोंडा घ्यायला तिला पदर नव्हता, आणि हात दोन्ही गुंतलेले. आधी लेकरू द्यायचं, मग कोंडा घ्यायचा, दुसरा काही मार्गच नव्हता. मी हात पुढे केले. तिनं ते बघितलं, मान डोलावली, आणि तरी लगेच दिलं नाही. ऊन भिंतीवरून उतरून उकिरड्यापर्यंत आलं होतं. अव्वा सूप धरून उभ्या राहिल्या, मी हात पुढे करून उभी राहिले, आणि आमच्यापैकी कुणीही तिला घाई केली नाही.